खुंटी रोज सरकते

संपादकांचा फोन आला तेव्हा होळी नुकतीच होऊन गेली होती. यंदाच्या अंकाचा विषय ‘संथ’. “एखादं निवांत तळं शोधा, दिवसभर वल्हवा आणि काय दिसलं ते लिहा,” ते म्हणाले. दिवाळी अंकांसाठी मी आजवर साखर कारखान्याच्या काट्यापासून कोर्टाच्या आवारापर्यंत पुष्कळ ठिकाणी उभी राहिले आहे. बसून राहण्याचं काम पहिल्यांदाच आलं होतं. मी विचार न करता हो म्हटलं.

तळं कुठलं, हा प्रश्न पडलाच नाही. पुण्याहून नाशिक रस्त्याने मंचर, तिथून डावीकडे घोडेगाव, पुढे शिनोली आणि मग डिंभे धरण. भीमाशंकरला जाणारी सगळी दुनिया याच वाटेने जाते, पोखरी घाटात गाडी बाजूला घेते, खालच्या पाण्याचा फोटो काढते आणि पुढे निघून जाते. मीही असे फोटो काढलेले आहेत. त्यात डिंभ्याचं पाणी फार शांत दिसतं, जणू ते तिथे कायमचंच आहे.

तळं जागेवर नव्हतं

पहिली चूक मी केली ती मे महिन्यात जाण्याची. आहुपे खोऱ्याच्या रस्त्याने गेले, एका वाडीपाशी उतरले आणि पाहते तो तळं जागेवर नव्हतं. जिथे पाणी असायला हवं तिथे भेगाळलेला गाळाचा उतार होता आणि त्या उतारावर आडव्या रेघा. पाणी जिथे जिथे चार दिवस थांबलं तिथे एकेक रेघ ठेवून खाली गेलेलं. अगदी तळाशी, भाताच्या कोठारात शेवटचे दाणे उरावेत तसं पाणी चकाकत होतं.

उतारावरून खाली चालताना दर पंधरा-वीस पावलांवर जमिनीत एक भोक दिसे. मुठीएवढं, कडा घट्ट झालेल्या. आधी वाटलं, खेकड्याची बिळं असतील. पण ती सगळी एका ओळीत होती, थेट पाण्यापर्यंत. शेवटच्या भोकात लाकडी खुंटी ठोकलेली होती आणि खुंटीला एक होडी.

होडीचे मालक तिच्याच सावलीत बसून जाळं सांधत होते. साठी ओलांडलेले, अंगावर बनियन, डोक्याला पंचा. त्यांना मी त्या दिवसापासून मामा म्हणते आणि ते मला ताई. भोकांचं कोडं त्यांनीच सोडवलं. “आवर्तन सुटलं का पानी उतारतं. खुंटी तिथंच ऱ्हायली तर सकाळच्याला होडी चिखलात. मंग उपटायची आन् खाली ठोकायची. रोज नाय, पन दोन-चार दिसाला करावंच लागतं.” म्हणजे ती भोकं ही या तळ्याची दिनदर्शिका होती. वरचं भोक दिवाळीच्या आसपासचं, खालचं त्या आठवड्याचं.

पाणी एवढं उतरलं होतं की जुनं आंबेगाव वर आलं होतं. मामा मला तिथे घेऊन गेले. घरांची जोती, ढासळलेल्या भिंतींचे दगड, विहिरीचा काठ, जुन्या देवळांचे घडीव चिरे, आणि सगळ्यावर सारख्याच रंगाचा गाळ. “हितं बाजार भरायचा,” मामा म्हणाले, “ह्या अंगाला कापडवाला. त्याच्या फुडं भेळ.” मी त्या अंगाला पाहिलं. शंखशिंपल्यांचा खच होता.

तालुक्याला नाव या गावाचं. कचेरी घोडेगावात, बाजारपेठ मंचरात, आणि ज्याच्या नावाने हे सगळं चालतं ते गाव वर्षातले बहुतेक महिने पाण्यात. आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला यात काही विशेष वाटत नाही. सातबाऱ्यावर रोज जे नाव वाचायचं, ते गाव कुठे आहे असं कोण विचारतो?

संपादकांना कळवलं, तळं सापडलं नाही, गाव सापडलं. ते म्हणाले, “छान. पण वल्हवायचं काय?”

लांबडी ट्यूब

दुसऱ्यांदा गेले ती सप्टेंबरात, गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात. अंक छापायला जायला थोडेच दिवस राहिले होते. या वेळी तळं जागेवर होतं आणि भरपूर होतं. डिंभ्याची साठवण सुमारे साडेतेरा टीएमसी, म्हणजे साडेतेरा अब्ज घनफूट. एका टीएमसीत 2,831 कोटी लिटर मावतात. हा आकडा डोळ्यांपुढे उभा करायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. एवढं लक्षात आलं, की मेमध्ये ज्या उतारावरून मी दहा मिनिटं खाली चालत गेले होते तो सगळा आता पायाखाली नव्हता. करंजाच्या झाडाच्या बुंध्यापर्यंत पाणी आलं होतं आणि मामांची होडी थेट त्या झाडालाच बांधलेली होती. खुंटीला सुट्टी.

सोबत पुण्याची एक मैत्रीण होती आणि तिची फुगवायची कयाक. कयाक हा मूळ उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचा शब्द. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचं कातडं ताणून ते शिकारीची एकट्याची होडी करत. आमची होडी पिशवीतून आली आणि पायपंपाने दहा मिनिटांत उभी राहिली. वाडीतली सात-आठ पोरं आणि दोन म्हाताऱ्या भोवती जमल्या. मामांनी तिच्या अंगावर टिचकी मारून पाहिली, वाकून खालून पाहिलं आणि निकाल दिला, “ही ट्यूबच हाय की. जरा लांबडी.”

त्यांना हसू आलं त्याला कारण आहे. या पाण्यावर ज्यांनी पहिल्यांदा मासे धरले त्यांच्यातल्या कितीतरी जणांची पहिली होडी म्हणजे ट्रकच्या चाकाची रबरी ट्यूब. ट्यूब फुगवायची, मधे बसायचं, पाय पाण्यात, हाताने वल्हवायचं, मांडीवर जाळं. महाराष्ट्रातल्या बहुतेक धरणांवर हे दृश्य आजही दिसतं. ट्यूबची किंमत होडीच्या मानाने काहीच नाही. मात्र ती काट्याला लागली तर जीवही तेवढाच स्वस्त.

आमच्या लांबड्या ट्यूबवर बारीक अक्षरांत ‘मेड इन चायना’ लिहिलेलं होतं. ते मी पाण्यात उतरल्यावर वाचलं आणि जरा ओशाळले. कारण या जलाशयाचं सरकारी नाव आहे हुतात्मा बाबू गेनू सागर. बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचा, गिरणी कामगार. 12 डिसेंबर 1930 रोजी मुंबईत काळबादेवीला विलायती कापड घेऊन निघालेल्या ट्रकपुढे तो आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. बाविशीच्या आसपासचा होता. त्याच्या नावाच्या पाण्यावर मी चिनी रबरावर बसून चालले होते. मैत्रीण म्हणाली, “तू वल्हव, विचार नंतर कर.”

वल्हवणं शिकायला पंधरा मिनिटं पुरतात, सरळ जायला मात्र दुपार झाली. दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे बुडवायचं. नवखा माणूस हातांच्या जोरावर ओढतो आणि अर्ध्या तासात खांदे भरून येतात. खरं काम कमरेचं असतं. जात्यावर बसलेल्या बाईचं सगळं अंग फिरतं ना, तसं. माझी उजवी बाजू बळकट, त्यामुळे होडी सारखी डावीकडे वळे आणि काठावरची पोरं ओरडत, “ताई, तिकडं नाय, हिकडं!” मामा त्यांच्या होडीत उभ्याने एका लांब वल्ह्यानिशी शेजारून येत होते. ते काही बोलत नव्हते. मधूनच वल्हं पाण्यात धरून ठेवत, म्हणजे मी गाठेपर्यंत त्यांची होडी थांबे.

नावाचे कोळी

या खोऱ्यातले बहुतेक लोक महादेव कोळी. नाव ऐकून शहरातला माणूस समजतो, कोळी म्हणजे दर्यावर्दी, मासेमारी पिढीजात. पण महादेव कोळी हे सह्याद्रीचे शेतकरी. भात, नाचणी, वरई, सावा आणि उन्हाळ्यात हिरडा. ओढ्यात पाग टाकून कालवणापुरते मासे धरणं निराळं आणि एवढ्या खोल पाण्यात रात्री जाळं लावून पहाटे काढणं निराळं. ते यांना येत नव्हतं. धरण आलं तेव्हा ते शिकावं लागलं.

“आमी कोळी नावाचे,” मामा म्हणाले. “पोहता येत हुतं ते बी डोहात. एवढं पानी कुणी बघितलं हुतं?”

घोड नदी आहुप्याच्या बाजूने, अगदी कोकणकड्याजवळून उगवते. तिला बुब्रा आणि इतर ओढे येऊन मिळतात. ही सगळी खोरी धरणाने एकदम भरली. नदीकाठची जमीन म्हणजे खोऱ्यातली सगळ्यात चांगली जमीन, दोन्ही हंगामांची. गेली ती तीच. काही कुटुंबं दुसरीकडे वसली, पण अनेक जण तिथेच थोडे वर सरकले. वर म्हणजे डोंगराच्या अंगावर. तिथे आधीच 1985 पासून भीमाशंकर अभयारण्य. खाली धरण, वर अभयारण्य, मधल्या पट्ट्यात माणसं.

त्या मधल्या पट्ट्यात उभं राहायला दोन जुन्या गोष्टी उपयोगी पडल्या. एक पडकई. डोंगरउतारावर दगडी बांध रचून भाताचं खाचर तयार करायचं, तेही एकट्याने नाही. आज माझ्या रानात सगळी वाडी, उद्या तुझ्या. दुसरी गोष्ट गाळपेर. पाणी मागे सरलं की उघड्या पडलेल्या ओल्या गाळात हरभरा, मसूर, गहू टाकायचा आणि पाणी परत यायच्या आत काढून घ्यायचा. तीच बुडालेली जमीन, पण आता सरकारची, आणि तीही वर्षातून काही महिनेच. ती कसण्याचा हक्क मिळावा, पडकईला रोजगार हमीत जागा मिळावी आणि जलाशयातली मासेमारी विस्थापितांच्या हातात यावी, यासाठी ‘शाश्वत’ संस्थेच्या कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांनी या खोऱ्यांत वर्षानुवर्षं काम केलं. पुढे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या इक्वेटर पुरस्काराने त्या कामाची दखल घेतली.

काठाने वल्हवत जाताना हे सगळं एका नजरेत दिसतं. पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत असतं, इथे एकावर एक रचलेलं. सगळ्यात वर ढगात गेलेलं रान, त्याखाली हिरड्याची झाडं, मग पडकईचे बांध आणि त्यांत पोटरीला आलेलं भात, मग सोनकीचा पिवळा पट्टा, आणि त्याला लागून पाणी. गाळपेर तेवढी दिसत नाही. ती पाण्याखाली वाट बघत असते.

गावावरून वल्हवताना

दहाच्या सुमाराला धुकं उठलं. ऊन पडताच पाण्याचा रंग मातकट राखाडीवरून हिरवा झाला. एक टिबुकली आमच्यापुढे बुडी मारी आणि अपेक्षेच्या भलत्याच बाजूला वर येई. वठलेल्या झाडाच्या शेंड्यावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसला होता. या वठलेल्या शेंड्यांपासून जपून जावं लागतं. वर जे हातभर दिसतं त्याच्याखाली आख्खं झाड उभं असतं, आणि आमची होडी शेवटी हवेवर चाललेली.

मोबाइलची रेंज मघाशीच गेली होती. आवाज मात्र विलक्षण लांबून येत होते. पलीकडच्या काठावर कुणीतरी बैलाला हाक मारली ती आमच्या होडीत बसून मारल्यासारखी ऐकू आली. पाण्यालगतची हवा गार आणि वरची ऊबदार असली की आवाज वर न जाता खाली वाकतो आणि पाण्यावरून घसरत लांब जातो, हे शाळेत शिकलेलं होतं. पण त्या हाकेत बैलाचं नावही स्पष्ट कळलं तेव्हा मी वल्हं मांडीवर घेऊन गप्प बसले.

थोड्या वेळाने मामांनी त्यांची होडी थांबवली. समोरच्या डोंगराची एक सोंड, मागची खिंड आणि डावीकडचं एकटं झाड यांची त्यांनी डोळ्यांनीच काहीतरी जुळणी केली. मग म्हणाले, “आता तुमी बाजारात.”

मी खाली पाहिलं. हिरवं पाणी, त्यात माझ्याच चेहऱ्याची सावली आणि फूटभर खोलीपर्यंत तरंगणारे कण. त्यापुढे काही नाही. मेमध्ये जिथे मी उभी राहून पायाने शंख उलटले होते ते याच्या नेमकं खाली होतं. मामांनी जाळ्याचा दोर काढला, दगड बांधला आणि सोडला. दोर हाताने मोजत होते, एक वाव, दोन वाव. दहा वावांचा दोर संपला, दगड तळाला टेकला नाही. त्यांनी तो पुन्हा गुंडाळून घेतला.

“रस्ता आठवतोय?” मी विचारलं.

“रस्ता नाय आठवत. रस्त्याव चालताना डोंगुर कसा दिसायचा ते आठवतं.” मग थोडं थांबून, “आता वरनं दिसतो. तवा खालनं दिसायचा.”

यावर मी काही लिहून घेतलं नाही. वही ओली होईल म्हणून कोरड्या पिशवीत होती, हे एक कारण.

बुब्रेच्या बाजूला पाण्याचं एक निमुळतं बोट आत जातं. त्या खोऱ्यात वर माळीण आहे. 30 जुलै 2014 च्या सकाळी डोंगराचा कडा घसरून गाव गाडलं गेलं, 151 माणसं गेली. मैत्रिणीने विचारलं, त्या बाजूला जायचं का? मामांनी मान हलवली. कारण साधं होतं: त्या चिंचोळ्या पाण्यात जाळी लावलेली होती.

पाणी कुणाचं

दुपारी एका सपाट खडकावर उतरून भाकरी, ठेचा आणि मामांच्या घरून आलेलं सुक्या माशांचं कोरड्यास असं जेवण झालं. खडकापासून वर वीस पावलांवर एक पंप धडधडत होता. दिवसभरातला तेवढाच यंत्राचा आवाज.

हे पाणी ज्या काठावर आहे त्या काठासाठी ते अडवलेलं नाही, हे इथे बसल्यावर नीट कळतं. डिंभे हे कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांपैकी एक आणि त्यांत सगळ्यात मोठं. बाकीची चार जुन्नर तालुक्यात: कुकडीवर माणिकडोह आणि येडगाव, मीनेवर वडज, आणि माळशेजच्या वाटेवर पिंपळगाव जोगे. पाचही मिळून पाणी देतात ते जुन्नर, आंबेगाव, शिरूर, मग पारनेर, श्रीगोंदा, कर्जत आणि पार सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत. तीन जिल्ह्यांचे सात तालुके. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारा पाऊस कालव्याने दुष्काळी पट्ट्यात न्यायचा, ही कल्पना. श्रीगोंद्याच्या लिंबाच्या बागेला आणि कर्जतच्या उसाला जे पाणी मिळतं त्यातला काही भाग आहुप्याच्या कड्यावर ढग अडला म्हणून पडलेला असतो.

एका खोऱ्यातला डोंगर दुसऱ्यापेक्षा जास्त ढग अडवतो. त्यामुळे डिंभे बहुधा भरतं आणि शेजारचा माणिकडोह बरेचदा रिकामा राहतो. मग डोकं चालवणाऱ्यांनी विचार केला, डिंभ्यातून डोंगराखालून बोगदा काढून जादा पाणी माणिकडोहात का सोडू नये? हा बोगदा गेली काही वर्षं या भागातल्या प्रत्येक सभेत, प्रत्येक निवडणुकीत आणि प्रत्येक चहाच्या टपरीवर असतो. खालच्या तालुक्यांना तो हवा, आंबेगावला तो आपलं धरण रिकामं करणारं भोक वाटतो. ‘जादा’ पाणी म्हणजे किती आणि ते बोगद्याच्या कुठल्या उंचीवर ठरणार, सगळं भांडण तेवढ्या एका शब्दाचं.

माणिकडोह मी दुसऱ्या दिवशी पाहून आले. चावंड आणि हडसर या दोन किल्ल्यांच्या मधलं पाणी, सरकारी नाव शहाजी सागर. वर गेलं की पूर गावी कुकडेश्वराचं जुनं कोरीव देऊळ, जिथून कुकडी निघते, आणि त्याच्याही पलीकडे नाणेघाट. सातवाहनांच्या काळातला जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण तिथे अजून आहे. दोन हजार वर्षांपूर्वी या घाटमाथ्यावर व्यापाऱ्यांच्या मालाचा हिशेब होत होता, आता टीएमसीचा होतो. जुन्नरला 2018 साली राज्याने पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं आहे, त्यामुळे कयाकवाल्यांची संख्या वाढत जाणार हे उघड आहे. माणिकडोहावर वल्हवायची माझी इच्छा होती, पण खांद्यांनी नकार दिला.

खडकावरच्या पंपाकडे परत येते. एवढ्या पाण्याच्या काठी पंप कशाला, असं मी विचारलं आणि मामांनी माझ्याकडे, शहरातल्या माणसाकडे बघतात तसं पाहिलं. आता पाणी दारात आहे. मार्चपासून ते खाली खाली जातं, आणि वाडी असते तिथेच, वर. डोंगरातल्या काळ्या कातळात विहिरीला पाणी टिकत नाही. मग बाईने हंडा घेऊन तोच गाळाचा उतार उतरायचा आणि भरलेला हंडा घेऊन चढायचा, किंवा टँकरची वाट पाहायची. पंपाने पाणी वर चढवायचं तर विजेचं बिल कुणी भरायचं, यावर दर वर्षी बैठक होते. धरणाच्या काठावरच्या गावात टँकर, ही बातमी वर्तमानपत्रं दर एप्रिलमध्ये आश्चर्याने छापतात. मला वाटतं, आश्चर्य करण्याची मुदत आता संपली आहे.

बोटुकली

जेवण झाल्यावर मामांनी आदल्या रात्री लावलेलं जाळं काढलं. तंगुसाचं, पारदर्शक. पाण्यातून वर येताना ते दिसतच नव्हतं, नुसते मासे हवेत लटकल्यासारखे वर येत होते. दोन रोहू, एक बरा कटला आणि बाकी चिलापी. चिलापी, म्हणजे तिलापिया, हा आफ्रिकेतून आलेला मासा. त्याला कुणी बोलावलेलं नसतं, पण तो असतो सगळीकडे. मरळ आणि वाम हे इथले जुने मासे, आता कधीतरी सापडतात. एक बोटभर कटला जाळ्यात अडकला होता, तो मामांनी सोडवून परत पाण्यात टाकला. “ह्याला अजून वरीस पायजे.”

धरणात कटला, रोहू, मृगळ आपोआप वाढत नाहीत. या माशांना अंडी घालायला वाहतं पुराचं पाणी लागतं. साचलेल्या पाण्यात त्यांची पुढची पिढी होत नाही. म्हणून दर पावसाळ्यात बाहेरून मत्स्यबीज आणून सोडावं लागतं. पण नखाएवढं बीज सोडलं की त्यातलं बहुतेक मोठे मासे आणि पाणकावळे खाऊन टाकतात. यावर मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेने इथल्या आदिवासींबरोबर एक उपाय करून पाहिला. तरंगते पिंजरे. पिंपांवर चौकट बांधायची, तिच्यातून बारीक आसाचं जाळं खाली सोडायचं, बीज त्यात ठेवायचं, रोज खायला घालायचं, आणि बोटाएवढं झालं, म्हणजे बोटुकली झाली, की मग धरणात सोडायचं. बोटुकली पळू शकते, लपू शकते. पिंजऱ्याचा सगळा डाव एवढाच: जे वय सगळ्यात धोक्याचं, ते आडोशाला काढायचं.

पण बीज कितीही जगलं तरी मासा कुणाचा, हा प्रश्न राहतोच. धरणाची भिंत आणि पाणी जलसंपदा खात्याचं, त्यातल्या माशांचा ठेका मत्स्य व्यवसाय खात्याचा, आणि तो सहकारी संस्थांना मिळतो. संस्था विस्थापितांची असेल तर मामांसारख्यांना जाळं लावता येतं. कागदावर संस्था आणि आत ठेकेदार असं झालं, की ज्याची जमीन बुडाली त्यालाच स्वतःच्या शेतावरच्या पाण्यात चोरून मासे धरावे लागतात. राज्यातल्या कितीतरी जलाशयांवर हे घडलेलं आहे. ‘सहकारी’ हा शब्द आपल्याकडे फार ताणला जातो, तंगुसासारखा.

मासे मामांनी होडीतल्या घमेल्यात टाकून ओल्या पोत्याने झाकले. मोठे मासे विकायला, चिलापी घरी. मी विचारलं, खायला चांगला कुठला? “इकायचा त्योच चांगला आसतो,” ते म्हणाले.

वारा सुटल्यावर

तीनच्या सुमाराला मामांनी एकदम परत निघा म्हणून सांगितलं. पाणी अजून आरशासारखं होतं, म्हणून आम्ही दोघींनी जरा कुरकुर केली. त्यांनी पश्चिमेला बोट दाखवलं. लांब, खोऱ्याच्या तोंडाशी, पाण्याचा रंग एका रेघेपलीकडे गडद झाला होता. ती रेघ आमच्याकडे सरकत होती.

मोकळ्या पाण्यावर वाऱ्याला अडवायला काही नसतं. खोऱ्याच्या एका टोकाला निघालेली झुळूक दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत लाटा उठवते, आणि लांबट खोऱ्यात ती नेमकी खोऱ्याच्या दिशेनेच वाहते. डिंभ्याचं पाणी असं लांबट खोऱ्यांचं. रेघ आमच्यापाशी आली तेव्हा पाच मिनिटांपूर्वीचं तळं नाहीसं झालं. कयाक हलकी आणि फुगीर, तिला वारा पतंगासारखा उचलू पाहत होता. मी जेवढ्या जोराने वल्हवत होते तेवढीच एका जागी थांबत होते. अंगात जीवरक्षक जाकीट होतं, तरी 21 मे 2024 ची उजनी धरणावरची दुर्घटना आठवली. कुगावहून कळाशीला निघालेली होडी अशाच अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. तेही रोजच्या रस्त्यासारखं त्या पाण्यावरून ये-जा करणारे लोक. ज्यांना धरणाने रस्ता बुडवून होडी दिली त्यांच्यासाठी लाट हा रस्त्यावरचा खड्डा असतो, आणि तो रोज वेगळ्या जागी असतो.

मामांनी दोर फेकला. मी तो पुढच्या कडीत अडकवला आणि मग माझ्या लांबड्या ट्यूबला त्यांच्या होडीने काठाच्या आडोशाने, वाऱ्याच्या पाठीमागून, वळणावळणाने ओढत आणलं. ते एकदाही वाऱ्याच्या समोरून गेले नाहीत. प्रत्येक सोंडेच्या आड जात, तिथे दम घेत, मग पुढची सोंड. सकाळी ज्या अंतराला आम्हाला चाळीस मिनिटं लागली होती त्याला दीड तास लागला. ही वाट त्यांना कुणी शिकवली, हे विचारायचं राहून गेलं. बहुतेक कुणीच नाही.

करंजाच्या झाडाशी पोहोचलो तेव्हा पोरं तिथेच होती. त्यांना कयाकची हवा सोडायची होती. झाकण उघडल्यावर जो फुसकारा आला त्याने ती इतकी हसली, की आमची तासाभरापूर्वीची भीती जरा हास्यास्पद वाटायला लागली. मामांनी घमेलं उतरवलं आणि होडी झाडाला बांधली. मग दोराची गाठ सोडून पुन्हा जरा सैल बांधली.

“आता कधी खुंटी?” मी विचारलं.

“पानी सोडलं का.” त्यांनी होडीच्या नाळेखालून, उलथ्या कोयत्याशेजारून, खुंटी काढून दाखवली. बाभळीची, टोक तासून पांढरं केलेलं. मेमध्ये होती ती निराळी होती, ती तळाशीच राहिली. आठवड्यात पाऊस झाला, पाणी चढलं आणि खुंटी उपटायला वेळच मिळाला नाही. “बाजारातच हाय ती,” ते म्हणाले, “कापडवाल्याच्या म्होरं,” आणि घमेलं डोक्यावर घेऊन वाडीची चढण चढायला लागले.